तळ्याला आकडा सांगू नये

शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची फटफटी तलावाच्या पाळीवर दिसली, तेव्हा मी बोडीत कमरेइतक्या पाण्यात उभी होते आणि माझ्याभोवती टोल्यातली झाकलेली पोरं शिंगाडे तोडत होती.

"वाका," मी म्हटलं. "बेशरमाच्या झुडपाआड व्हा. अन् कोणी खोकलू बी नोका."

पोरं वाकली. माझी सेवंता शेजारच्या बुधाला काखेला मारून पाण्यात बसली. बुधा लहान होता, त्याला वाटलं खेळच चाललाय. तो हसायला लागला, तसा तिने एक कोवळा शिंगाडा सोलून त्याच्या तोंडात कोंबला. रायवंता, बुधाची चुलत बहीण, माझ्या पाठीला येऊन चिकटली.

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, टोला म्हणजे वस्ती. ही बोडी शाळेच्या अगदी मागे होती. मधे फक्त बेशरमाची झुडपं. शाळेत कोणी मोठ्याने बोललं, तर पाण्यात उभ्या माणसाला ऐकू यायचं. लपायला ही काही चांगली जागा नव्हती. पण त्या दिवशी शिंगाडा काढायचा होता आणि सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "साहेब जाईपर्यंत पोट्ट्याईले बोडीतून काढू नोको. तुया हवाली करतो."

लपवायचं काम माझ्याकडेच का दिलं, हे तेव्हा मी विचारलं नाही. टोल्यात सगळ्यांना वाटे की ते मला जमतं.

आम्ही ढीवर. मोठ्या तलावात मासे धरायचे, बोडीत शिंगाडा लावायचा, त्यावर आमचं घर चालायचं. दुसऱ्या टोल्यांचं मला ठाऊक नाही, पण आमच्या टोल्यात माणसं मोजत नसत. जुनी माणसं सांगायची की एकदा एका लग्नाचं वऱ्हाड डोंग्यातून निघालं होतं. घाटावर उभ्या असलेल्या कोण्या शिपायाने बोट नाचवत डोंग्यातली माणसं मोजली आणि आकडा मोठ्याने म्हटला. तळ्याने तो ऐकला. मधल्या धारेत डोंगा उलटला आणि तळ्याने आपला हिशोब पुरा करून घेतला. तेव्हापासून आकडा म्हणायचा नाही. तोही पुरता तर नाहीच नाही. बाहेरचा माणूस कागद घेऊन आला आणि घरात पोरं किती असं विचारलं, की प्रत्येक घर एक मूल झाकून ठेवायचं. तळ्याला पुरा हिशोब कळू नये म्हणून.

झाकलेल्या मुलावर कोणी राग धरत नसे. उलट माशाचा मधला तुकडा त्याला मिळायचा. पण त्याचं नाव नर्सबाईला सांगायचं नाही, गणतीवाल्याला सांगायचं नाही, मास्तरला सांगायचं नाही. बहुतेक घरांत ते मूल म्हणजे पोरगी असायची. तसा काही नियम नव्हता. पण व्हायचं तसं.

शाळा एक खोलीची, पहिली ते चौथी, गुरुजी एकच. लांजेवार गुरुजी. ते दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांना पोहता येत नव्हतं म्हणून पोरं त्यांना हसायची. साहेब यायच्या आधी ते घरोघर फिरले होते. आमच्या ओसरीवर बसले आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, घरात मुलं किती?"

"हायेत, देवाच्या किरपेनं."

"पण किती?"

"चुलीले पुरून उरतेत इतकी."

"डोमाचं नाव आहे पटावर. आणि ही कोण?" डोमा माझा मुलगा; त्याची बहीण सेवंता चुलीपाशी मासे घोळत होती.

"थे पाहुनी हाय."

"गेल्या वर्षी आलो तेव्हाही पाहुणीच होती."

"तिले लय गोड लागते आमचं घर," सासूबाई म्हणाल्या. गुरुजी हसले. मग हसू आवरून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पटावर वीस मुलं नसली तर शाळा बंद होणार होती आणि आमची मुलं तलावाला वळसा घालून मोठ्या गावच्या शाळेत जाणार होती.

"आणि निकाल म्हणाल, तर आपण केंद्रात शेवटून पहिले," ते म्हणाले. "तीही तक्रार आहेच."

मोठ्या गावची शाळा आम्हाला माहीत होती. पावसाळ्यात पाळीवरून पाणी वाहायचं, रस्ता दिसायचा नाही. आणि गेलेली पोरं चार दिवसांत परत यायची. बाकावर कोणी शेजारी बसू देत नसे, मासळीचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावत. आमचे दोन दीर तसेच परत आले होते, ते पुन्हा पाटीला शिवले नाहीत.

"शाळा पायजे, गुरुजी," सासूबाई म्हणाल्या. "पर पोट्टी मोजून नाई."

गुरुजी चहाही न पिता उठले.

तर त्या दिवशी फुंडे साहेब आत गेले आणि आम्ही पाण्यात दबून राहिलो. आत काय झालं ते मला अर्धं ऐकू आलं, उरलेलं डोमाने आणि गुरुजींनी नंतर सांगितलं.

आधी वाचन झालं. चौथीतल्या गोपिकाने दुसरीचं पुस्तक अडखळत वाचलं. पुस्तकातलं बोलणं आमच्या घरातलं नव्हतं, आणि वर्षातले कितीतरी दिवस पोरं जाळ्यावर असायची. मग साहेबांनी गणित घातलं. माशांचंच घातलं, बिचाऱ्यांनी. "टोपलीत वीस मासे होते. पाच विकले. किती उरले?"

शेवटी पैकू उभा राहिला. वर्गात तोच मोठा.

"साहेब, आमी इकल्याशिवाय मासे मोजत नाई."

"बरं, विकल्यावर मोज."

"इकल्यावर उरतेत कुठी?"

पोरं खदखदून हसली. साहेबही हसले असं डोमा म्हणतो, पण वहीत काहीतरी लिहिलंच.

मग त्यांनी पोरं मोजायला बोट वर केलं.

तिथे सगळा घोळ झाला. आमची पोरं पाळण्यात असल्यापासून शिकलेली, की आपल्याकडे बोट करून कोणी आकडा म्हणायला लागला तर तिथे थांबायचं नाही. बोट पहिल्या ओळीवर आलं तशी पहिली ओळ मागे सरकली. दुसऱ्या ओळीतल्या दोघी एकाच ओढणीत शिरल्या. एकजण दप्तर शोधायच्या निमित्ताने आडवा झाला. तुकड्या तर सरळ खिडकीतून बाहेर गेला आणि दारातून आत आला. साहेबांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा वेगळा आकडा आला.

"गुरुजी," साहेबांचा आवाज आता मला स्पष्ट ऐकू आला, "हा पट खरा आहे का? का कागदावरची पोरं भरलीत? मी वर काय लिहू?"

"पट खरा आहे, साहेब. पोरं आहेत. जास्तच आहेत."

"मग मोजून दाखवा!"

माझ्या मांडीला जळू चिकटली होती, पण मी हलले नाही. मग गुरुजी म्हणाले, "ती मोजू देणार नाहीत. पण त्यांच्या घाटावरची एक रीत आहे. त्या रीतीने हजेरी देऊ देत त्यांना. तुम्ही नुसतं ऐका. पैकू, हाक घाल रे."



आमची हाकेची रीत अशी. संध्याकाळी डोंगे घाटाला लागले की माणसं मोजायची नाहीत, पण कोणी पाण्यात राहिलं तर नाही, हे तर कळलं पाहिजे. म्हणून प्रत्येकाला हाक मारायला दुसऱ्या एकाचं नाव दिलेलं असतं. पहिला दुसऱ्याला हाक मारतो. दुसरा 'ओ' देतो आणि त्याच्या पुढच्याला हाक मारतो. असं करत करत शेवटचा माणूस पहिल्याला हाक मारतो, आणि साखळी जुळली की सगळे आपापल्या घरी जातात. 'ओ' आल्याशिवाय पुढची हाक घालायची नाही. एक हाक कोरडी गेली तर माणसं थांबतात. दुसरी गेली तर अख्खा टोला दोर नि बांबू घेऊन पाण्याकडे धावतो. तिसरीची वाट पाहणारं आमच्याकडे कोणी नाही.

पोरांचीही अशी एक साखळी होती. पण त्या साखळीत पटावरची नि झाकलेली असा भेद नव्हता. पाण्याला कुठला भेद? डोमाच्या पुढे सेवंता होती, झाकलेल्यांतलं पहिलंच नाव.

"गोपिका!" पैकूने आत हाक घातली.

"ओ! तुकड्या!"

"ओ! यशोदा!"

आवाज एकामागून एक येत गेले. मी सेवंताचं मनगट पकडलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या गालावर बोडीचा काळा चिखल वाळला होता.

"डोमा!"

"ओ!" माझ्या पोराचा आवाज. आणि मग, सवयीने, विचार न करता, "सेवंता!"

आणि आतली शाळा चूप झाली.

मला इथे थोडं थांबावं लागतं. हे मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे आणि माझा हात संथ चालतो. अक्षरं मला फार उशिरा आली, केस पांढरे झाल्यावर. डोंग्याच्या कडेला कोळशाने काढून सेवंतानेच शिकवली.

माझं माहेर याच टोल्यातलं. मी लहान असताना इथे शाळेची इमारत नव्हती. एक मास्तर आले होते, पिंपळाखाली फळा टेकवून बसायचे. त्यांनाही पोरं मोजता येईनात, आणि त्यांनीही कोणाच्या तरी सांगण्यावरून पोरांना हाक घालायला लावली. मी याच बोडीत, याच झुडपाआड होते. माझ्या बापाच्या घरचं झाकलेलं मूल मी. साखळीत माझ्या आधी माझा भाऊ होता, बळीराम. त्याचा 'ओ' मी ऐकला. आता माझं नाव येणार म्हणून मी श्वास भरून घेतला. 'ओ' द्यायचा नाही हे मला पढवलं होतं, तरी घेतला. पण बळीरामला घरून आधीच सांगून ठेवलं होतं. तो माझ्या नावावरून उडी मारून पुढच्या पोरीच्या नावावर गेला. तिने 'ओ' दिला. साखळी जुळली. कोणी थांबलं नाही, दोर घेऊन कोणी धावलं नाही. मी पाण्यात होते आणि पिंपळाखाली सगळी पोरं पुरी भरली.

बळीरामचा मला राग नाही. तो सांगितलं तसं वागला. मीही सांगितलं तसं वागले. पण भरून घेतलेला तो श्वास कुठे गेला, ते मला कधी कळलं नाही.

"सेवंता गे!"

दुसरी हाक. डोमाचा आवाज आता वेगळा होता. त्याला शाळा, साहेब, आजीने बजावलेलं, काही आठवत नव्हतं. बहिणीचा 'ओ' आला नाही, एवढंच त्याला कळत होतं. त्याने नाव गाळलं नाही. त्याला कोणी गाळायला शिकवलंच नव्हतं. पाळीखालच्या टोल्यात कोणीतरी ओरडलं. भांडं पडल्याचा आवाज आला.

सेवंताने माझ्या हातातलं मनगट ओढलं नाही. ती फक्त बघत राहिली. तिची छाती फुगलेली मला दिसली. तिने श्वास भरून घेतला होता.

मी हात सोडला.

"ओ!" ती पाण्यातून उभी राहत ओरडली. बगळे उडाले. "ओ! बुधा!"

"ओओओ!" बुधा तोंडातल्या शिंगाड्यासकट खिदळला. त्याची पुढची हाक त्याला येत नव्हती, ती नेहमी सेवंताच घालायची; आताही तिनेच घातली. "रायवंता!"

"ओ!" माझ्या पाठीमागून. आणि मग झुडपांमधून, बांधाच्या कडेने, एकेक डोकं वर येत गेलं आणि एकेक नाव पाण्यावरून पुढे गेलं, मधेच शाळेत, पुन्हा पाण्यावर. किती डोकी ते मी आजही लिहिणार नाही. शेवटच्या पोरीने शाळेच्या भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "पैकू!" आणि आतून पैकूचा 'ओ' आला तो असा, की कौलं हलली असतील.

साहेब आणि गुरुजी बाहेर आले तेव्हा दुसऱ्या बाजूने टोला धावत आला. माझ्या पोरांचे बाबा खांद्यावर दोर घेऊन पुढे, मागे बांबू घेतलेली माणसं, सगळ्यांच्या मागे धापा टाकत सासूबाई. मधे बोडी, आणि बोडीत आम्ही, चिखलाने काळे.

"कोण गेलं? कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं," मी म्हटलं. "सगळी हायेत."

सासूबाईंनी साहेबाकडे पाहिलं, मग पोरांकडे, मग माझ्याकडे. "दुर्पते! तुया हवाली केली होती ना मी?"

साहेब बुटांसकट बांधाच्या ओल्या मातीत उतरले. "गुरुजी, ही सगळी पटावर का नाहीत?"

गुरुजी चष्मा पुसत राहिले. आपण हाक घालायला लावली तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं का, असं मी त्यांना पुढे कितीदा विचारलं. दर वेळी त्यांनी चष्माच पुसला.

"यांना घेतलं तर पट भरेल," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पण यांना एक अक्षर येत नाही. आधीच शेवटचा नंबर. निकाल आणखी बुडेल आणि ताशेरा तुमच्या नावावर येईल. बदलीही होईल कदाचित."

"बुडू द्या साहेब," गुरुजी म्हणाले. "इथं कोणी बुडतंय म्हटलं की लोक कसे धावतात, पाहिलंत ना आत्ता? मी एकटा थोडाच आहे."

साहेबांनी दोर घेतलेल्या माणसांकडे पाहिलं. मग कागद काढला. "यांचे आईबाप कोण? नावं सांगा."

कोणी पुढे होईना. बाया पदर तोंडात धरून उभ्या. मला भीती वाटत नव्हती असं नाही. मोठा तलाव पाळीपलीकडे चमकत होता आणि मला वाटलं, तो ऐकतो आहे. माझ्या पोरीला काही झालं असतं तर टोल्याने मला जन्मभर बोल लावला असता, आणि मीही लावला असता. तरी मी पाण्यातून वर आले. सेवंताचा हात धरून साहेबांपुढे उभी राहिले.

"हे माही पोरगी," मी म्हटलं. "सेवंता. डोमाची बहीन. पाहुनी नोहे."

"थांब वं!" सासूबाई पुढे आल्या. मला वाटलं, त्या पोरीला ओढून नेणार. पण त्या साहेबांसमोर गेल्या आणि त्यांच्या पेनाकडे बोट केलं. "साहेब, तुमी लिहान. आता लपवून काय, सगळ्याईनं आयकलं. पर एक करा. नावं लिहा. आकडा तोंडानं म्हनू नोका. वीस भरले का पंचवीस, थे तुमच्या पोटात ठेवा."

साहेबांनी टोपण काढलं. "मला वर आकडा लिहावा लागतो, आजी."

"लिहा ना. तळ्याले वाचता येत नाई."

माणसं हसली. दोर खांद्यावरून खाली आले. साहेबांनी बांधावर बसून मांडीवर कागद घेतला आणि एकेकाचं नाव लिहिलं. बुधाची आई पुढे आली, मग रायवंताची. शेवटी साहेबांनी कागदावरून नजर फिरवली. ते मोजत होते, हे आम्हा सगळ्यांना कळलं. पण त्यांचे ओठ हलले नाहीत. बोटही हललं नाही. मग टोपण लावून ते एवढंच म्हणाले, "शाळा राहील."

पुढच्या वर्षी आमची शाळा निकालात पुन्हा केंद्रात शेवटची आली. त्याच्या पुढच्या वर्षीही. गुरुजींना ताशेरा आला, बदली मात्र झाली नाही. सेवंता सातवीपर्यंत शिकली. तळ्याने त्या साली कोणाला नेलं नाही. नेलं असतं तर ही गोष्ट मला लिहिता आली असती का, ते माहीत नाही. सासूबाई मरेपर्यंत दर अमावस्येला सेवंतावरून मीठ उतरवून मोठ्या तलावात टाकत होत्या, आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. सेवंताचं नाव लिहून झाल्यावर साहेबांनी विचारलं होतं, "वडिलांचं नाव?" ते पोरांच्या बाबांनी सांगितलं. मग विचारलं, "आईचं नाव?"

कोणी सांगायच्या आत मीच सांगितलं. साहेबांनी ते शाळेच्या कागदावर लिहिलं, आणि बरोबर लिहिलंय का ते पाहायला मोठ्याने वाचलं.

"दुर्पता वलथरे."

"ओ!" मी म्हटलं.

सगळी पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनीही मान वर केली. "अहो बाई, हाक नाही मारली. नुसतं वाचलं."

"असू द्या," मी म्हटलं.